रंगांचे माप टपालाने

वर्धा शहरातील मगन संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींनी केले. खादी आणि ग्रामोद्योग हे त्याचे विषय. वनस्पतींच्या रंगात रंगवलेली खादीही वर्ध्यात पाहावयास मिळते. निळीचा निळा, मंजिष्ठेच्या मुळांचा तांबडा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, असे हे रंग डोळ्यांना मोठे शांत वाटतात.

समजा, तुमच्या शाळेची सहल वर्ध्याला गेली. मंजिष्ठेत रंगवलेल्या एका तांबड्या कापडाचा तुम्ही फोटो काढला आणि त्याचा चार बोटांचा तुकडाही सोबत आणला. शाळेतील संगणकाच्या पडद्यावर फोटो छान दिसला. मग तो शाळेच्या रंगीत प्रिंटरवर छापला. छापील चित्र आणि कापडाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवून पाहतो, तो काय? कापडाचा उबदार तांबडा रंग चित्रात मलूल होऊन गुलाबीकडे झुकलेला!

शाळेच्या भित्तिपत्रकापुरते हे चालून जाईल. पण हेच चित्र एखाद्या विणकर गटाच्या विक्रीपत्रकात छापले असेल तर? पुण्याचा ग्राहक चित्र पाहून दहा मीटर कापड मागवील, पार्सल उघडील आणि म्हणेल, “मी मागवला तो रंग हा नव्हे.” कापड परत येईल. रंगाऱ्याने काही चूक केलेली नसते, विणकराने नसते. चूक कागदावरच्या रंगाची असते. पण तिची किंमत मोजावी लागते रंगारी आणि विणकर यांना.

ही चूक मोजता येते का? आणि मोजण्याचे यंत्र गावात नसेल तर काय करावे? याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. रंगाचे माप चक्क टपालाने पाठवता येते!

आकडा एकच, रंग अनेक

संगणकाला रंग दिसत नाही, त्याला आकडे कळतात. चित्रातील प्रत्येक ठिपक्यासाठी तो लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे तीन आकडे लिहून ठेवतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी असतो. पडदा या आकड्यांप्रमाणे लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळतो. प्रिंटरजवळ मात्र प्रकाश नसतो, शाई असते. आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी या शाया कागदावर पडणाऱ्या पांढऱ्या प्रकाशातील काही भाग शोषून घेतात. उरलेला भाग परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि तोच आपल्याला रंग म्हणून दिसतो.

आता अडचण अशी की, हे तीन आकडे म्हणजे रंग नव्हेत. ती केवळ आज्ञा आहे. पाककृतीत ‘दोन चमचे तिखट’ असे लिहिलेले असते. पण एकीचा चमचा लहान, दुसरीचा मोठा. एकीच्या डब्यात भिवापुरी मिरचीचे तिखट, दुसरीच्या डब्यात कमी झणझणीत मिरचीचे. पाककृती एकच, पण एका घरी भाजी बेताची तिखट होते आणि दुसऱ्या घरी डोळ्यांतून पाणी काढते! प्रिंटरचेही तसेच आहे. त्याच तीन आकड्यांवर एक प्रिंटर थोडी अधिक शाई सोडतो, दुसरा थोडी कमी. चकचकीत कागदावर शाई वरच राहते आणि रंग उठून दिसतो. साध्या कागदात ती आत मुरते आणि रंग फिका पडतो.

प्रिंटर तयार करणारी कंपनी आपल्या यंत्राबरोबर काही ठराविक कागदांसाठी रंगांचे कोष्टक देते. पण ते त्या प्रकारच्या सर्वच यंत्रांसाठी केलेले सर्वसाधारण कोष्टक असते. तुमच्या टेबलावरचा प्रिंटर आणि तुम्ही बाजारातून आणलेला कागद यांची जोडी त्या कंपनीने कधी पाहिलेलीच नसते.

रंगाचा पत्ता

रंग मोजायचा तर प्रथम त्याला पत्ता हवा. ‘गडद तांबडा’ किंवा ‘विटकरी’ हे शब्द बोलण्यापुरते ठीक, पण माप म्हणून ते उपयोगी नाहीत.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यामुळे कोणताही रंग तीन आकड्यांत सांगता येतो. १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. तीन रंगांचे झोत कमीजास्त करून समोरच्या रंगाशी जुळवायचे, असे त्या प्रयोगांचे स्वरूप होते. राइट यांच्याकडे १० आणि गिल्ड यांच्याकडे ७, अशा अवघ्या १७ माणसांच्या डोळ्यांनी हे काम केले. त्यावरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने एक ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. आजही जगातील रंगमोजणी मुख्यतः याच पायावर उभी आहे.

पुढे १९७६ साली याच आयोगाने रंगांचा एक सोयीचा नकाशा दिला. त्यात तीन अक्ष आहेत. ‘एल’ हा उजळपणा सांगतो: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. ‘ए’ हा अक्ष हिरव्याकडून तांबड्याकडे जातो आणि ‘बी’ हा निळ्याकडून पिवळ्याकडे. या नकाशात प्रत्येक रंग म्हणजे एक बिंदू.

आता पायथागोरसाचा सिद्धांत आठवा. तो तीन मितींतही चालतो. समजा, आपल्या मंजिष्ठेच्या कापडाचे माप आले (४५, ४२, २६) आणि छापील चित्राचे आले (४३, ३६, १७). फरक किती? २, ६ आणि ९. त्यांचे वर्ग ४, ३६ आणि ८१. बेरीज १२१. तिचे वर्गमूळ ११. म्हणजे दोन रंगांतील अंतर ११! दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तर साधारणपणे २ ते ३ इतके अंतर डोळ्याला जेमतेम कळते. ११ हे अंतर कोणाच्याही सहज लक्षात येते. ‘रंग जुळत नाही’ ही तक्रार आता आकड्यात आली. पुढे हे अंतर काढण्याची अधिक अचूक पण बरीच किचकट सूत्रेही वापरात आली. मूळ कल्पना मात्र हीच आहे.

सगळे रंग छापणार कसे?

तुमच्या प्रिंटरच्या प्रत्येक आज्ञेला कोणता रंग उमटतो हे मोजले की काम झाले. पण आज्ञा आहेत किती? २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६. म्हणजे पावणेदोन कोटींच्या जवळपास! एका कागदावर ५०० चौकोन छापले तर ३३ हजारांहून अधिक कागद लागतील. दर सेकंदाला एक चौकोन मोजला, तरी अहोरात्र काम करून १९४ दिवस जातील.

येथे आपल्या मदतीला त्रैराशिकाचा भाऊबंद येतो. सगळ्या आज्ञा न छापता त्यांतील काही निवडक आज्ञाच छापायच्या. समजा, करड्या रंगासाठी १०० या आज्ञेला उजळपणा ४० मिळाला आणि १२० या आज्ञेला ४६ मिळाला. तर ११० या आज्ञेला तो ४३च्या आसपास असणार, हे न छापताच सांगता येते. यालाच अंतर्वेशन म्हणतात. प्रत्यक्षात ते तीन मितींत करावे लागते, एवढाच फरक. प्रचारात असलेल्या एका रंगतक्त्यात ९१८ चौकोन असतात आणि ते ए-४ आकाराच्या दोन कागदांवर मावतात.

मोजणीवरून संगणक एक कोष्टक तयार करतो: ‘ही आज्ञा दिली, तर हा रंग उमटेल.’ पण आपल्याला हवे असते नेमके उलट: ‘हा रंग हवा, तर कोणती आज्ञा द्यावी?’ म्हणून संगणक ते कोष्टक उलटवतो. ही दोन्ही कोष्टके एका फाइलमध्ये ठेवतात. तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात. आपण तिला प्रिंटरची रंगपत्रिका म्हणू या. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना ती सारखीच वाचता यावी म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन केला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या फाइलला आयसीसी प्रोफाइल असे नाव पडले.

यंत्र दूर, नमुना जवळ

चौकोनांचे रंग मोजणारे यंत्र म्हणजे वर्णपटप्रकाशमापक, अर्थात स्पेक्ट्रोफोटोमीटर. त्यातील दिवा चौकोनावर ४५ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकतो आणि यंत्र सरळ वरून परावर्तित प्रकाश टिपते. तिरपा प्रकाश का? कागदाची चकाकी यंत्राच्या डोळ्यात शिरू नये म्हणून. हा परावर्तित प्रकाश वर्णपटात फाकवून त्याची तीव्रता मोजतात. साधारणतः ३८० ते ७३० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत दर १० नॅनोमीटरला एक, अशी ३६ मापे मिळतात. ९१८ चौकोनांची मिळून ३३,०४८ मापे झाली!

छपाईच्या धंद्यातील अशा चांगल्या यंत्राची किंमत लाख रुपयांच्या पुढे जाते. एखाद्या शाळेने, लहान स्टुडिओने किंवा विणकर गटाने वर्षातून दोनतीनदा लागणारे यंत्र विकत घेणे परवडणारे नाही.

पण वर्धा जिल्ह्यातील शेतकरी काय करतो पाहा. कपाशी किंवा सोयाबीन पेरण्यापूर्वी जमिनीत नत्र, स्फुरद, पालाश किती आहे हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्यासाठी तो प्रयोगशाळा बांधत नाही. शेतातील निरनिराळ्या ठिकाणची माती घेतो, एकत्र मिसळतो आणि त्यातील सुमारे अर्धा किलो माती पिशवीत भरून माती परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवतो. २०१५ साली सुरू झालेल्या योजनेप्रमाणे त्याला मृद आरोग्य पत्रिका मिळते. शेत जागच्या जागी राहते, नमुना तेवढा प्रवास करतो.

रंगांची ‘दूरसेवा’ याच तत्त्वावर चालते. सेवा देणारा रंगतक्त्याची फाइल ई-मेलने पाठवतो. तुम्ही ती आपल्या प्रिंटरवर, आपल्या कागदावर छापता आणि छापलेले कागद टपालाने पाठवता. तिकडे चौकोन मोजले जातात, प्रोफाइल तयार होते आणि ई-मेलने परत येते. जाताना कागद, येताना फाइल! कागद विकणाऱ्या काही कंपन्या आपल्या ग्राहकांना ही सेवा विनामूल्यही देत आल्या आहेत. ब्रिटनमधील पर्माजेट आणि फोटोस्पीड या कंपन्या त्यांपैकी होत.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “टपालाची यातायात कशाला? तक्त्याचा मोबाइलने फोटो काढून पाठवला तर?” प्रश्न चांगला आहे. पण मोबाइलचा कॅमेरा ३६ ठिकाणी मोजत नाही. त्याच्या पुढे तीनच रंगांच्या गाळण्या असतात. शिवाय खोलीतील दिव्याचा परिणाम होतो, आणि चित्र ‘छान’ दिसावे म्हणून मोबाइल आपल्या मनाने रंग बदलतो ते वेगळेच. प्रिंटरची चूक शोधायला निघालो आणि तीत कॅमेऱ्याची चूक मिसळली! रबराच्या फूटपट्टीने लांबी मोजण्यासारखेच ते झाले. म्हणून खुद्द कागदच पाठवावा लागतो. घरी मापक असेल तर मात्र मोजणीच्या आकड्यांची फाइल पाठवूनही प्रोफाइल करून घेता येते.

उकिरड्याजवळची माती

माती घेताना शेतकऱ्याला बजावलेले असते की, झाडाखालची, बांधाजवळची किंवा उकिरड्याजवळची माती घेऊ नका. का बरे? प्रयोगशाळा आलेली माती अचूक तपासील. पण ती माती शेताची प्रतिनिधी नसेल, तर अचूक उत्तरही निरुपयोगी ठरेल. उकिरड्याची माती पाठवली, तर उकिरड्याची पत्रिका मिळेल!

रंगतक्त्यालाही हा नियम शब्दशः लागू पडतो. दूरच्या तंत्रज्ञाला तुमचा प्रिंटर दिसत नाही. कागदावर जे उमटले आहे, तेच तो खरे मानणार. म्हणून निम्मे मापन तिकडे होत असले, तरी निम्मे तुमच्याच हातात असते. ते असे करावे:

१. छपाईपूर्वी शाईची छिद्रे तपासून पाहावीत. प्रिंटरमध्ये चाचणीची रेघोट्यांची पट्टी छापण्याची सोय असते. एकही रेघ तुटली असेल, तर आधी सफाई करावी. तुंबलेल्या छिद्रासह छापलेला तक्ता म्हणजे सर्दी झालेल्या गायकाच्या आवाजाची नोंद.

२. तक्ता छापताना सर्व रंगसुधारणा बंद ठेवाव्यात. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रिंटरने आपल्या मनाने रंग ‘सुधारले’, तर त्याची मूळ खोड मोजताच येणार नाही. ताप मोजण्यापूर्वीच तापाची गोळी घेतल्यासारखे ते होईल.

३. ‘कागदाच्या मापात बसवा’ ही सोयही बंद ठेवावी. चौकोन लहानमोठे झाले, तर मापकाला ते नीट वाचता येत नाहीत.

४. कागदाचा प्रकार आणि छपाईची प्रत यांचे जे पर्याय निवडले असतील, ते लिहून ठेवावेत. पुढे रोजची छपाई याच पर्यायांवर करावयाची आहे.

५. छापलेले कागद सपाट ठेवून, उन्हापासून दूर, निदान एक दिवस वाळू द्यावेत. शाई वाळताना रंग थोडा बदलत असतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा शाई लवकर वाळते. श्रावणातल्या दमट हवेत मात्र कागद ओल धरतो, तेव्हा अधिक वेळ द्यावा.

६. समासात पेन्सिलीने प्रिंटर, कागद आणि पर्याय यांची नोंद करावी. दोन कागदांच्या मध्ये कोरा कागद घालावा, दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावावेत आणि पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवावे. घडी घालू नये, गुंडाळी करू नये. चौकोनांवर बोटे लावू नयेत.

प्रोफाइल परत आल्यावर ती संगणकात बसवायची, चित्र छापताना तीच निवडायची आणि प्रिंटरची स्वतःची रंगसुधारणा बंद ठेवायची. हे शेवटचे वाक्य अनेकजण विसरतात. मग चित्रावर दोनदा सुधारणा होते. आईने भाजीत मीठ घातलेले असते आणि ते न विचारता ताईही घालते, तशातली गत!

आता आपल्या मंजिष्ठेच्या कापडाकडे येऊ. समजा, नव्या प्रोफाइलने छापलेल्या चित्राचे माप आले (४४, ४०, २४). कापडाचे होते (४५, ४२, २६). फरक १, २, २. वर्गांची बेरीज ९. वर्गमूळ ३. म्हणजे अंतर ११ वरून ३ वर आले. प्रिंटर तोच, शाई तीच, कागदही तोच. बदलली ती फक्त आज्ञा.

पांढऱ्याचे कोडे

चित्राचे रंग जुळले, तरी एक अडचण उरते. कापड विकत घेताना जाणती माणसे ते दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पाहतात. दिव्याखाली एक दिसणारा रंग उन्हात वेगळा दिसतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. दोन वस्तूंचे वर्णपट वेगळे असूनही एका प्रकाशात त्या एकसारख्या दिसू शकतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या. मंजिष्ठेचा रंग आणि प्रिंटरची शाई हे पदार्थच भिन्न आहेत. म्हणून त्यांची जुळणी एका ठरलेल्या प्रकाशातच खरी मानायची असते. छपाईच्या क्षेत्रात हा प्रकाश ५,००० केल्व्हिन वर्णतापमानाच्या दिवसाच्या प्रकाशासारखा धरतात.

दुसरे कोडे कागदाच्या पांढरेपणाचे. पूर्वी पांढरे कपडे चमकावेत म्हणून धुतल्यावर टिनोपॉल घालीत. त्यातील द्रव्य न दिसणारे जंबुपार किरण शोषून घेते आणि निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकते. त्यामुळे पिवळट कापड शुभ्र भासते. आजच्या बहुतेक पांढऱ्याशुभ्र छपाईच्या कागदांत अशीच द्रव्ये असतात. उन्हात असा कागद निळसर शुभ्र दिसतो. पण बऱ्याच एलईडी दिव्यांच्या प्रकाशात जंबुपार किरण जवळजवळ नसतात, तेथे तोच कागद किंचित पिवळट वाटतो. धुलाईच्या असल्या द्रव्याचा स्पर्श न झालेल्या खादीत हा प्रकार नसतो. म्हणून मापकाने जंबुपार किरण धरून मोजायचे की वगळून, हे आधी ठरवावे लागते. या मोजणीच्या पद्धतींचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २००९ साली ठरवून दिलेले आहे. चांगला सेवा देणारा त्यामुळेच विचारतो, “चित्रे कोणत्या उजेडात लावणार?”

जे प्रोफाइलला जमत नाही

प्रोफाइल म्हणजे जादूची कांडी नव्हे. शाईला जो रंग देताच येत नाही, तो प्रोफाइल कोठून आणणार? फाल्गुनात बोर अभयारण्याकडे जाताना वाटेवर पळस फुललेला दिसतो. त्याचा तो पेटता केशरी रंग साध्या कागदावर चार शायांत उतरवणे फार कठीण. अशा वेळी प्रोफाइल एवढेच करते, की त्या रंगाच्या सर्वांत जवळचा छापता येण्याजोगा रंग निवडते.

कॅमेऱ्याची चूकही प्रिंटरच्या प्रोफाइलने सुधारत नाही. फोटोतच तांबडा रंग चुकीचा नोंदला गेला असेल, तर प्रिंटर ती चूक इमानाने छापील. कॅमेरा, पडदा आणि प्रिंटर यांचे माप वेगवेगळे घ्यावे लागते. शिवाय कागद बदलला, शाईची कंपनी बदलली, की पत्रिकाही नवी करावी लागते. गेल्या वर्षीच्या माती परीक्षणावर शेजाऱ्याच्या शेतात खत टाकून कसे चालेल?

आणि शेवटी एक साधी गोष्ट. ग्राहकाला कापडाचा खरा तुकडा पाठवता येत असेल, तर त्याहून चांगले रंगपत्रक नाही! जेथे शेकडो ग्राहकांना छापील चित्रच पाठवावे लागते, तेथे मात्र ते चित्र जितके खरे, तितका विणकराच्या शब्दावर विश्वास अधिक. दूरच्या प्रयोगशाळेतील यंत्र त्यात मदत करते. पण ते यंत्र खरे बोलते ते पाठवलेल्या नमुन्याबद्दल. नमुना खरा ठेवण्याचे काम पाठवणाऱ्याचे.

करून पाहा

(१) संगणकावर एकाच रंगाचे दहा चौकोन काढा, फिक्यापासून गडदपर्यंत. ते साध्या कागदावर आणि फोटोच्या चकचकीत कागदावर छापा. दोन्हींतील कोणते चौकोन एकमेकांशी जुळतात? साध्या कागदावरील शेवटचे दोनतीन गडद चौकोन वेगळे ओळखता येतात का?

(२) दुकानदाराकडे नोटा तपासण्याचा जंबुपार दिवा असतो. शिक्षकांच्या मदतीने अंधाऱ्या खोलीत त्याखाली छपाईचा पांढरा कागद, वर्तमानपत्राचा तुकडा, शाळेचा पांढरा सदरा आणि न धुतलेली कोरी खादी ठेवा. कोण निळसर चमकते, कोण नाही? (दिव्याकडे थेट पाहू नका.)

(३) रंगीत कापडाचा तुकडा आणि त्याच्याशी जुळणारी छापील पट्टी एकदा उन्हात, एकदा एलईडी दिव्याखाली आणि एकदा जुना पिवळा बल्ब मिळाल्यास त्याखाली पाहा. जुळणी कोठे टिकते आणि कोठे मोडते, याची वहीत नोंद करा. या एका नोंदीवरून दुकानाच्या दाराशी कापड नेणाऱ्या आजीचे शास्त्र तुमच्या लक्षात येईल.